सही करण्यापूर्वी: अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्टच्या सूचना, वर्तन-नियमावली आणि मराठी पालक

ऑगस्टच्या अखेरीस, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, पालकांच्या पोर्टलवर एकामागून एक अर्ज भरावे लागतात: पत्ता, लसीकरणाची नोंद, बसचा थांबा, तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा. त्यांतच कुठेतरी ‘विद्यार्थी-पुस्तिका आणि वर्तन-नियमावली मी वाचली असून ती मला मान्य आहे’ अशी एक ओळ असते, आणि तिच्यापुढच्या चौकोनात खूण केल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. आमच्या घरी ती खूण सलग तीन वर्षे रात्री अकराच्या सुमारास, पुस्तिका न उघडताच केली गेली. चौथ्या वर्षी मुलीच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात, कागदी रुमालाखाली, सफरचंद कापायची चार इंची सुरी राहून गेली आणि दुपारी प्रिन्सिपलचा फोन आला. बोलणे सौम्य होते, पण त्यात ‘वेपन’ हा शब्द दोनदा आला. मुलीने सुरी दिसताच स्वतःहून बाईंकडे दिली होती, आणि अशी वस्तू कोणालाही न दाखवता मोठ्यांच्या स्वाधीन करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करू नये, असे त्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे ठरावीक भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) नियमावलीत एकतिसाव्या पानावर लिहिलेले होते. मी ते पान त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचले.

हा लेख मुख्यतः सरकारी शाळांत मुले असलेल्या पालकांसाठी आहे. खासगी शाळेत पालक आणि शाळा यांच्यातला करारच बहुतेक गोष्टी ठरवतो, आणि पुढे सांगितलेली घटनात्मक संरक्षणे तिथे सहसा लागू होत नाहीत.

पहिली पायरी: नियम कोणाचा आहे, हे आधी ओळखावे

अमेरिकेत शालेय शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे, आणि राज्ये तो कारभार सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्टमार्फत चालवतात. हवाईमध्ये संपूर्ण राज्याचा एकच डिस्ट्रिक्ट आहे, तर न्यू जर्सीसारख्या लहान राज्यात पाचशेहून अधिक आहेत. बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडलेले स्कूल बोर्ड धोरण ठरवते, ते सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याची, नेमणूक करते, आणि प्रिन्सिपल त्या धोरणाची अंमलबजावणी करतात. त्यामुळे नियमांचे तीन थर तयार होतात: राज्याचा कायदा, बोर्डाचे धोरण आणि शाळेची पुस्तिका. खालच्या थराला वरच्या थराच्या विरोधात जाता येत नाही, ही गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी, कारण पुस्तिका कधीकधी जुनी असते आणि कायदा मध्यंतरी बदललेला असतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून केवळ ‘उद्धटपणा’ किंवा ‘आज्ञाभंग’ एवढ्याच कारणावरून कोणत्याही इयत्तेतल्या विद्यार्थ्याला शाळेतून सस्पेंड करता येत नाही. एखाद्या शाळेच्या पुस्तिकेत जुने वाक्य राहून गेले असेल, तर ते चालत नाही.

याचाच दुसरा अर्थ असा की डॅलसच्या मावशीने किंवा फ्रीमाँटच्या मित्राने सांगितलेला नियम तुमच्या शाळेला लागू असेलच असे नाही. व्हॉट्सअॅपवरच्या पालकांच्या गटात सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, राज्य मात्र अनेकदा वेगळे असते.

दुसरी पायरी: डिस्ट्रिक्टच्या सूचना योग्य हातात पडतील अशी व्यवस्था करावी

सूचना बहुधा पॅरेंटस्क्वेअरसारख्या अॅपवरून येतात, गुण आणि हजेरी पॉवरस्कूल किंवा इन्फिनिट कॅम्पससारख्या पोर्टलवर दिसते, आणि बोर्डाची धोरणे डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर तिसऱ्याच ठिकाणी असतात. दोन्ही पालकांचे फोन आणि ईमेल स्वतंत्रपणे नोंदवावेत. आपल्याकडे अनेक घरांत एकाच पालकाच्या ईमेलवर सगळे येते आणि तो पालक नेमका प्रवासात असताना महत्त्वाचे पत्र न वाचलेले राहते.

तातडीच्या संपर्कांच्या यादीकडे विशेष लक्ष द्यावे. भारतातून आलेले आजी-आजोबा सहा महिने राहणार असतील आणि नातवाला शाळेतून आणणार असतील, तर त्यांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच या यादीत घालावीत, कारण ओळखपत्र पाहून यादीतल्या व्यक्तीच्याच स्वाधीन मूल करायचे, असा नियम बहुतेक शाळा काटेकोरपणे पाळतात. ‘मी त्याची सख्खी आजी आहे’ हे सांगणे तिथे पुरेसे ठरत नाही, आणि त्यात आजींचा अपमान करण्याचा कोणाचा हेतूही नसतो.

सुरक्षेच्या संदेशांतले शब्द आधीच समजून घ्यावेत, कारण ऐन वेळी ते शांतपणे वाचणे अवघड जाते. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘होल्ड’ म्हणजे मार्गिका मोकळ्या ठेवून मुलांनी वर्गातच थांबणे. आजारी विद्यार्थ्याला नेण्यासाठी रुग्णवाहिका आली तरी तो जाहीर होतो. ‘सिक्युअर’ म्हणजे धोका इमारतीबाहेर आहे, म्हणून बाहेरचे दरवाजे बंद आहेत आणि आत वर्ग सुरू आहेत. ‘लॉकडाउन’ म्हणजे धोका आत आहे किंवा असण्याची शक्यता आहे. लॉकडाउनचा संदेश आला, तर शाळेकडे गाडी पळवू नये, कारण पोलीस आणि रुग्णवाहिकांचा रस्ता अडतो; आणि मुलाला फोन करू नये, कारण अंधाऱ्या, शांत वर्गात वाजणारा फोन धोक्याचा ठरू शकतो. पुढच्या संदेशात मुलांना कुठून घ्यायचे ते ठिकाण येते. तिथे फोटो असलेले ओळखपत्र घेऊन जावे.

बोर्डाच्या बैठकांची कार्यक्रमपत्रिका वाचण्याची सवय फार थोड्या पालकांना असते, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी बातमी तिथेच असते. वर्तन-नियमावलीतला बदल सहसा एका बैठकीत ‘पहिले वाचन’ म्हणून मांडला जातो आणि नंतरच्या बैठकीत मंजूर होतो. मधले काही आठवडे हीच पालकांनी बोलण्याची वेळ असते. कॅलिफोर्नियात ब्राउन अॅक्टनुसार (स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवण्याच्या कायद्यानुसार) नियमित बैठकीची कार्यक्रमपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते. बोलायला साधारण दोन-तीन मिनिटे मिळतात, म्हणून मुद्दा एकच घ्यावा आणि लिहून न्यावा. मात्र आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलाचे नाव घेऊन शिस्तीचे प्रकरण तिथे मांडू नये; अशा प्रकरणांसाठी बोर्ड बंद दाराआड बसते.

तिसरी पायरी: पुस्तिका वाचताना कुठे थांबावे

ऐंशी-नव्वद पाने एका बैठकीत वाचायची गरज नाही. गणवेश, लायब्ररीची पुस्तके, वाहनतळ ही पाने चाळली तरी चालतात. पुढील विषयांवर मात्र पेन्सिल हातात घेऊन बसावे.

हजेरी हा पहिला विषय. बहुतेक राज्यांत शाळेचे वर्ष सुमारे १८० दिवसांचे असते आणि त्यातल्या १० टक्के, म्हणजे १८ दिवसांची अनुपस्थिती ‘क्रॉनिक अॅब्सेंटीझम’ धरली जाते. यात आजारपणाचे, माफ झालेले दिवसही मोजले जातात. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून लग्नासाठी भारतात जाणे आणि संक्रांत करून परतणे यात एवढे दिवस सहज भरतात. कौटुंबिक प्रवास हे बहुतेक ठिकाणी माफीचे कारण नसते, आणि काही ठिकाणी सलग दहा-पंधरा शालेय दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरूनच काढले जाते. कॅलिफोर्नियात विनापरवानगी तीन पूर्ण दिवस गैरहजर राहिले, किंवा तीनदा अर्ध्या तासाहून अधिक उशीर झाला, तरी ‘ट्रुअंट’, म्हणजे शाळा बुडवणारा, अशी नोंद होऊ शकते. तिथल्या आणि टेक्ससच्या शाळांचे अनुदान प्रत्यक्ष हजेरीशी बांधलेले असल्यामुळे कार्यालय याबाबत इतके आग्रही असते. तिकीट काढण्यापूर्वी शाळेला लेखी विचारावे. कॅलिफोर्नियात ‘इंडिपेंडंट स्टडी’चा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास पूर्ण करण्याचा, करार आधी केला, तर प्रवासातले दिवस गैरहजेरीत न धरले जाण्याची शक्यता असते. धार्मिक सणांची रजा मात्र वेगळी असते आणि ती बहुधा माफ होते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना तर २०२४ पासून दिवाळीची सुट्टीच आहे. जिथे ती नाही, तिथे आधी चिठ्ठी द्यावी आणि त्या दिवसाची परीक्षा दुसऱ्या दिवशी घेण्याची विनंती त्याच चिठ्ठीत करावी.

दुसरा विषय औषधे आणि वस्तूंचा. डोके दुखले तर घे, म्हणून दप्तराच्या कप्प्यात टाकलेली साधी गोळी बहुतेक शाळांत नियमभंग ठरते. औषध मूळ बाटलीत, पालकांच्या आणि गरज असेल तिथे डॉक्टरांच्या सहीच्या अर्जासह नर्सकडे द्यावे लागते. दम्याचा इनहेलर आणि अॅलर्जीचे इंजेक्शन जवळ ठेवण्यासाठी स्वतंत्र परवानगी मिळते, ती न चुकता घ्यावी. मैत्रिणीला आपल्याकडची गोळी देणे हे मुलांना मदत वाटते, पण नियमावलीत ते औषध ‘वाटप’ या अधिक गंभीर कलमात बसू शकते. हुबेहूब दिसणारी खेळण्यातली पिस्तुले, लहान घडीच्या सुऱ्या, व्हेप (इलेक्ट्रॉनिक सिगारेट) ही वस्तूंची यादी मुलांसोबत बसून वाचावी. खरी बंदूक शाळेत आणल्यास १९९४ च्या ‘गन-फ्री स्कूल्स अॅक्ट’मुळे किमान एका वर्षाची हकालपट्टी ठरलेली आहे, सुपरिंटेंडंट एखाद्या प्रकरणापुरता तो काळ लेखी आदेशाने बदलू शकतात.

तिसरा विषय फोनचा, आणि तो झपाट्याने बदलत आहे. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तासिकेच्या वेळेपुरती बंदी घातली. २०२५ च्या शरद ऋतूपासून न्यूयॉर्क राज्यात पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद ठेवावा लागतो, आणि टेक्ससनेही त्याच वर्षी शालेय दिवसातल्या वापराला बंदी केली. नियमावलीत फोन जप्त झाल्यावर तो कोणाला, केव्हा परत मिळतो हे पाहावे, आणि दुपारी मुलाला आपणच मेसेज करण्याची सवय आधी सोडावी. जप्त झालेल्या कितीतरी फोनवर शेवटचा मेसेज आईचा किंवा बाबांचा असतो.

चौथा विषय शाळेने दिलेल्या संगणकाचा आणि खात्याचा. त्या खात्यातले लिखाण शाळा तपासू शकते, अनेक ठिकाणी ते काम सॉफ्टवेअर करते, आणि ‘आज त्याला मारूनच टाकतो’ हे मित्राला थट्टेत लिहिलेले वाक्य रात्री नऊ वाजता घरी फोन येण्याचे कारण ठरू शकते. ज्या मुलाच्या घरी ‘मार खाशील’ हे प्रेमाने म्हटले जाते, त्याला इंग्रजीतल्या लेखी धमकीचे वजन वेगळे असते हे समजावून सांगावे लागते. गृहपाठात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर किती चालतो, हे शिक्षकागणिक वेगळे असते, म्हणून प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रम-पत्रिकेत ते शोधावे.

शेवटी ‘मॅट्रिक्स’ नावाचा तक्ता पाहावा. त्यात गैरवर्तनाच्या पातळ्या आणि प्रत्येक पातळीवरची कमाल शिक्षा दिलेली असते. ‘शाळा करील’ आणि ‘शाळा करू शकेल’ यांतला फरक तिथे अक्षरशः महत्त्वाचा असतो: दुसऱ्या वाक्यात प्रिन्सिपलना निर्णयाची मोकळीक असते, आणि पालकांच्या बोलण्याला तिथेच जागा मिळते.

चौथी पायरी: मुलाला तीन गोष्टी पाठ करवाव्यात

सगळी नियमावली मुलाला सांगितली, तर काहीच लक्षात राहत नाही. चुकून आणलेली वस्तू लगेच मोठ्यांकडे द्यायची. भांडण झाले तर मारायचे नाही, अगदी समोरच्याने आधी मारले तरी, कारण बऱ्याच शाळांत दोघांनाही शिक्षा होते. आणि कार्यालयात लेखी जबाब मागितला, तर खोटे लिहायचे नाही, पण ‘आईबाबांशी बोलल्यावर लिहितो’ असे नम्रपणे म्हणता येते. एवढे पुरे.

पाचवी पायरी: शाळेचा फोन आल्यावर

अशा वेळी आपली दोन टोके ठरलेली असतात. एक तर ‘शाळा म्हणते म्हणजे तुझीच चूक’ असे म्हणून मुलाला बोलूच न देता माफी मागून मोकळे व्हायचे, किंवा थेट सुपरिंटेंडंटला संतापाचा ईमेल पाठवायचा. दोन्हींमुळे मुलाची बाजू नोंदवलीच जात नाही.

फोनवर चारच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वेळेसह लिहून घ्यावीत: नेमके काय घडले असे शाळेचे म्हणणे आहे, नियमावलीतले कोणते कलम लागू केले जात आहे, मुलाचे म्हणणे ऐकून घेतले का, आणि आज शिक्षेचा निर्णय झाला आहे की चौकशी सुरू आहे. त्या दिवशी संध्याकाळी हेच एका छोट्या ईमेलमध्ये लिहून पाठवावे: ‘आज दुपारी झालेल्या बोलण्यात मला असे समजले की…’ हा ईमेल भांडणासाठी नसतो; पुढे दोन आठवड्यांनी कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून असतो.

सस्पेन्शनच्या बाबतीत १९७५ चा ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पालकांना ठाऊक असावा. ओहायोतल्या कोलंबस शहरात विद्यार्थ्यांना काही न विचारता दहा दिवसांपर्यंत घरी बसवले होते. न्यायालयाने सांगितले की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनपूर्वीही विद्यार्थ्याला आरोप तोंडी किंवा लेखी कळवला पाहिजे, आणि त्याने तो नाकारला तर पुरावा सांगून त्याची बाजू मांडू दिली पाहिजे. त्याच्यामुळे लगेच धोका असेल, तर आधी बाहेर काढून नंतर लवकरात लवकर ही प्रक्रिया करता येते. ही सुनावणी दोन मिनिटांचे बोलणेही असू शकते. वकील, साक्षीदार वगैरे त्यात अभिप्रेत नाही. दहा दिवसांहून मोठे सस्पेन्शन किंवा हकालपट्टी असेल, तर मात्र लेखी नोटीस आणि औपचारिक सुनावणी असते. तिथे वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नये, आणि ‘सुनावणीचा हक्क सोडतो’ अशा कागदावर त्याच बैठकीत सही करू नये.

झडतीबाबत १९८५ च्या ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’ या निकालानुसार शाळेला वॉरंट लागत नाही, वाजवी संशय पुरतो. पण झडती त्या संशयाच्या मानाने अवाजवी नसावी. २००९ मध्ये, आयबुप्रोफेनच्या गोळ्यांच्या संशयावरून तेरा वर्षांच्या मुलीचे कपडे उतरवून घेतलेली झडती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. शाळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी, समाजमाध्यमावर लिहिलेल्या मजकुराबाबत २०२१ च्या ‘महानॉय’ प्रकरणात न्यायालयाने शाळेचा अधिकार मर्यादित असल्याचे म्हटले. मात्र धमकी, छळ किंवा विशिष्ट विद्यार्थ्याला लक्ष्य करणे यांत शाळा हस्तक्षेप करू शकते.

शाळेत नेमलेला पोलीस अधिकारी प्रश्न विचारत असेल, तर गोष्ट वेगळी होते. ‘पालक आणि वकील येईपर्यंत मी उत्तर देणार नाही’ असे मुलाने सांगावे. ज्या कुटुंबांचा व्हिसा एच-४ सारखा (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व मुलांचा) आहे किंवा ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे, त्यांनी अमली पदार्थांशी संबंधित कोणतीही गोष्ट कबूल करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायदा तसे मानत नाही, आणि गांजाच्या व्हेपचे ‘किरकोळ’ प्रकरण इथेच गुंतागुंतीचे होते.

मुलाला आयईपी, म्हणजे विशेष शिक्षणाची लेखी वैयक्तिक योजना, असेल, तर दहा शालेय दिवसांहून अधिक काळ त्याला बाहेर ठेवण्याचा निर्णय झाल्यापासून दहा शालेय दिवसांच्या आत, ते वर्तन त्याच्या अपंगत्वामुळे घडले का, हे ठरवणारी बैठक घ्यावीच लागते. ५०४ योजनेतल्या, म्हणजे अपंगत्वामुळे शाळेत खास सोयी मिळणाऱ्या, विद्यार्थ्यांनाही याच धर्तीचे संरक्षण आहे. ही बैठक मागताना ‘मॅनिफेस्टेशन डिटर्मिनेशन’ हे तिचे नाव तसेच्या तसे ईमेलमध्ये वापरावेत. इतर शब्दांत मागणी केली, तर कधीकधी ती कोणाच्याच टेबलावर पोहोचत नाही. बैठकीतले इंग्रजी अवघड वाटत असेल, तर डिस्ट्रिक्टकडे दुभाषी मागावा. ज्याच्यावर आरोप आहे त्या मुलालाच दुभाषी करणे कोणाच्याच हिताचे नसते.

आपल्याच मुलाला त्रास होत असेल तर

शिस्तीची नियमावली फक्त शिक्षेसाठी नसते. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, २०११ च्या छळविरोधी कायद्यानुसार तक्रार झाल्यावर एका शालेय दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि दहा शालेय दिवसांत ती पूर्ण करावी लागते. इतर राज्यांच्या मुदती वेगळ्या आहेत, पण तक्रार लेखी असावी आणि तिच्यात तारीख, जागा, उच्चारलेले शब्द व पाहणारे कोण होते हे असावे, ही गोष्ट सर्वत्र सारखी आहे. डब्याच्या वासावरून किंवा नावाच्या उच्चारावरून होणारी टिंगल ‘मुलांचेच खेळ’ म्हणून सोडून दिली जाते. ती वंश किंवा मूळ देशावरून होत असेल, तर ईमेलमध्ये तसे स्पष्ट लिहावे, कारण त्यामुळे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या जबाबदाऱ्या शाळेला लागू होतात.

सहावी पायरी: निर्णयानंतरची कागदपत्रे

अपिलाची मुदत कधीकधी पाच-दहा दिवसांचीच असते, म्हणून निर्णयाचे पत्र मिळाले त्या दिवशीच ती कॅलेंडरवर टाकावी. अपील प्रिन्सिपलपासून वर, पायरीपायरीने जाते. मधली पायरी गाळली, तर प्रकरण बहुधा खाली परत पाठवले जाते. १९७४ च्या ‘फर्पा’ या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार मुलाच्या शालेय नोंदी पाहण्याची मागणी केल्यास शाळेने ४५ दिवसांच्या आत त्या दाखवल्या पाहिजेत, आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्याची मागणीही करता येते. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही, आणि ते विचारण्यात बैठकीतला वेळ घालवू नये. मूल अठरा वर्षांचे झाले की हे हक्क त्याच्याकडे जातात. बारावीच्या मध्यावर अनेक पालकांना हे अचानक कळते.

कॉलेज-प्रवेशाची धास्ती प्रत्येक बैठकीत असते. ‘कॉमन अॅप’ने (अनेक कॉलेजांसाठी एकच अर्ज भरायच्या सोयीने) २०२१-२२ पासून अर्जाच्या सामाईक भागातला शिस्तभंगाचा प्रश्न काढून टाकला आहे, काही कॉलेजे तो स्वतःच्या प्रश्नावलीत विचारतात. म्हणून प्रत्येक कॉलेजचा प्रश्न शब्दशः वाचावा आणि सस्पेन्शनची नोंद किती वर्षे ठेवली जाते, हे काउन्सेलरना लेखी विचारावे.

एक छोटे काम राहते. ज्या दिवशी पोर्टलवर सही कराल, त्याच दिवशी नियमावलीची पीडीएफ स्वतःच्या संगणकावर उतरवून तिच्या नावात तारीख घालावी. पुढच्या जुलैत संकेतस्थळावर नवी प्रत चढते, जुनी नाहीशी होते, आणि मार्चमध्ये घडलेल्या घटनेला जुन्याच प्रतीतले एकतिसावे पान लागू असते.